मूल म्हणजे भिशी नव्हे

विषय दिलाय 'अपत्य आणि पालकांचं कर्तव्य'. कर्तव्यं तुम्हाला माझ्याहून चांगली ठाऊक आहेत, लसीपासून क्लासच्या फीपर्यंत. मला बोलायचंय एका वाक्याबद्दल : 'तुझ्यासाठी आम्ही काय काय खस्ता खाल्ल्या!' मीही हे म्हटलंय, कबूल करते.

भिशी तुम्ही लावली असेलच. दहा-बाराजणी राजीखुशीनं जमतात, हप्ते भरतात, चिठ्ठी निघते. जिची चिठ्ठी आधी निघाली तिनं पुढचे हप्ते चुकवायचे नाहीत, कारण ती आपल्या पायांनी आली होती. मुलाला कुणी विचारलं होतं का, 'बाळा, येतोस आमच्या भिशीत?' हौस आपली, हप्ते आपण भरले, आणि वसुली त्याच्याकडं!

हा हिशेब मुलींना तर फारच महाग पडतो. 'परक्याचं धन' म्हणजे दुसरं काय? हप्ते आपले, चिठ्ठी सासरी. सातारा भागात मुलीवर मुलगी झाली की पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून तिचं नाव ठेवायचे नकुशी. शाळेत रोज हजेरीला तेच. २०११ साली साताऱ्यात सरकारी समारंभ करून अशा दोनशेहून जास्त मुलींचं नव्यानं बारसं झालं. काहींनी नावं स्वतः निवडली. म्हणजे कुणीतरी त्यांना विचारलं, तेही इतक्या उशिरा.

'मग म्हातारपणी आम्हाला कोण बघणार?' बघावंच हो मुलांनी. त्यासाठी २००७ चा कायदाही आहे आणि तो असायलाच हवा. पण तो कायदा आई-वडिलांची गरज बघतो, आपण किती हप्ते भरले होते ते विचारत नाही. पुन्हा सांगते, कारण एवढंच निसटतं : मुलांनी सांभाळावं, पण फेड म्हणून नव्हे. मूल भिशीत नव्हतंच.

खरा प्रश्न त्याही आधीचा. मूल का हवंय? र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हापासून निदान कधी आणि किती हे ठरवणं आपल्या हाती येऊ लागलं. 'का' मात्र अजून... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण होतेय, वेळ संपली.

दहावीचा निकाल लागेल तेव्हा गुण कमी दिसले तर रागवा हवं तर, पण ते खस्तांचं एक वाक्य तेवढं तोंडातून काढू नका.