जन्मसिद्ध शक्ति आणि नियमांचा अर्थ

उन्हाळ्याच्या सुटींत बुलढाणा जिल्ह्यांतील वडनेर भोलजीसारख्या गांवीं दुपार मोठी लांब असते. उन्हाच्या झळा ओसरेपर्यंत बाहेर पडण्याची सोय नसते. मग शहरांतून आजोळीं आलेलीं मुलें ओसरीवर एखादा खेळ मांडून बसतात. पूर्वीं अशा वेळीं सोंगट्यांचा पट किंवा पत्ते निघत. हल्लीं एखाद्या घरीं निराळाच डाव दिसण्याचा संभव आहे. त्यांत चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे फांसे असतात, कागद-पेन्सिल असते आणि सर्वांनीं मिळून रचावयाची एक गोष्ट असते.

हा खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं रचलेला हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्येक गडी एकेक पात्र घेतो आणि एक जण सूत्रधार होतो. पात्राचा बेत तडीस जातो कीं फसतो, हें फांसे आणि नियमांचें पुस्तक ठरवितें. जेथें पुस्तक स्पष्ट बोलत नाहीं, तेथें सूत्रधाराला निवाडा द्यावा लागतो. खरी कसोटी तेथेंच लागते.

असा एक प्रसंग कल्पावा. थोरल्या भावाचें पात्र ड्रॅगनच्या वंशांतलें. त्याला जन्मतःच मुखांतून ज्वाळा सोडतां येतात. धाकट्या बहिणीचें पात्र टीफलिंग नामक आसुरी वंशांतलें. पांचव्या पायरीवर पोंचतांच त्याला कोणीं न शिकवितां अंधार पाडण्याचा मंत्र येऊं लागतो. दोघें एका मंदिरांत शिरतात. तेथें सर्व जादू निष्प्रभ होते, असें सूत्रधार सांगतो. भाऊ म्हणतो, “माझी आग जादूची नव्हे, अंगची आहे.” बहीण उसळून म्हणते, “दादा, मग माझा अंधारही अंगचाच! तुझें चालतें, तर माझें कां नाहीं?” सूत्रधार झालेला मामेभाऊ पुस्तक चाळतो. परंतु जन्मसिद्ध शक्ति ही सरसकट जादू मानावी कीं न मानावी, याचा उलगडा करणारें एक वाक्य त्याला सांपडत नाहीं.

वाद पोरकट वाटला, तरी आपल्या परंपरेला तो परका नाहीं. पतंजलीच्या योगसूत्रांत सिद्धींचे पांच उगम सांगितले आहेत: जन्म, औषधि, मंत्र, तप आणि समाधि. उगम पांच, पण त्यांतून लाभणाऱ्या वस्तूला नांव एकच. कर्णाचीं कवचकुंडलें जन्मजात होतीं, तर हिरण्यकशिपूचें अभय तपानें मिळविलेलें होतें. पहिलें अंगचें म्हणून साधें, आणि दुसरें मिळविलेलें म्हणून अद्भुत, असें कोणी म्हणत नाहीं. शक्ति आली कोठून हा एक प्रश्न, आणि ती कोणत्या प्रकारची हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरानें दुसरा सुटत नाहीं. ओसरीवरील भांडणाचें मूळ या घोटाळ्यांत आहे.

खेळाच्या रचनाकारांनाही हा घोटाळा उलगडावा लागला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत अशा शक्तींचे तीन वर्ग केले होते: मंत्रसदृश, अलौकिक आणि असाधारण. पहिले दोन वर्ग जादूबंदीच्या क्षेत्रांत निष्फळ होत, तिसरा होत नसे. ड्रॅगनच्या ज्वाळा ‘अलौकिक’ ठरविल्या होत्या. अर्थात् तेथें त्या विझत. २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तींत हे वर्ग राहिले नाहींत आणि शंका उत्पन्न झाली. तेव्हां नियमांचे प्रमुख रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांनीं पांच प्रश्नांची कसोटी सांगितली. ती जादूची वस्तु आहे काय? तो मंत्र, किंवा मंत्राचाच परिणाम आहे काय? तो मंत्रानें केलेला प्रहार आहे काय? त्यासाठीं मंत्रशक्तीचा ठराविक सांठा खर्चीं पडतो काय? वर्णनांत ‘जादू’ हा शब्द आहे काय? एकाही प्रश्नाचें उत्तर होकारार्थी आलें तर ती जादू. ड्रॅगनच्या ज्वाळांबाबत पांचही उत्तरें नकारार्थी येतात. म्हणून या आवृत्तींत त्या विझत नाहींत. ड्रॅगन तोच, शब्द बदलले आणि निकाल बदलला.

शब्दांना इतकें महत्त्व देणें आपल्याकडील मीमांसकांना नवें वाटलें नसतें. सामान्य विधीला विशेष विधि बाधतो, हें त्यांचें सूत्र. पांचव्या आवृत्तीच्या पुस्तकांतही हाच दंडक आरंभीं घातला आहे. आणि अर्थनिर्णयाचा हा प्रश्न नेहमीं खेळापुरता राहत नाहीं. पतीच्या अनुज्ञेवांचून स्त्रीनें दत्तक देऊं-घेऊं नये, अशा आशयाचें वसिष्ठाचें एक वचन आहे. मिथिलेंत त्यावरून विधवेला दत्तकाचा अधिकारच नाकारला गेला; बंगालमध्यें पतीनें हयातींत दिलेली अनुज्ञा पुरेशी मानली; द्रविड देशांत सपिंडांची संमति चालली; आणि महाराष्ट्रांत, हें बंधन पति जिवंत असेपर्यंतचें असा अर्थ लावून विधवेला मोकळीक मिळाली. १९५६ च्या कायद्यानें विधवेचा हा अधिकार सर्वत्र स्पष्ट केला. तोंवर एका वाक्याच्या चार अर्थांवर कित्येक घरांचे वारसे अवलंबून होते.

आतां ओसरीवरील निवाडा अवघड नाहीं. टीफलिंगच्या वर्णनांत तें पात्र ‘मंत्र टाकतें’ असेंच म्हटलें आहे. म्हणून जन्मसिद्ध असूनही अंधार ही जादू होय, आणि ती मंदिरांत चालणार नाहीं. ज्वाळांच्या वर्णनांत मंत्र नाहीं, जादूही नाहीं; म्हणून त्या चालतील. बहिणीला हा अन्याय वाटेल. तिची समजूत घालण्यास सूत्रधाराचा अधिकार पुरेसा नाहीं. त्यानें कसोटी फांसा पडण्यापूर्वीं सांगितली पाहिजे, आणि मित्राला लावली तीच शत्रूलाही लावली पाहिजे. नियम गैरसोयीचा वाटला, तर तो डाव संपल्यावर सर्वांच्या संमतीनें बदलावा. हिरण्यकशिपूला मारतांना प्रत्यक्ष देवानेंही वराचा एक शब्द मोडला नाहीं. संध्याकाळची वेळ आणि उंबरठा शोधला.

उद्यां त्याच मंदिरांत खराखुरा ड्रॅगन पुढें उभा राहील. तेव्हां त्याच्याही ज्वाळा विझणार नाहींत, आणि दादाला त्याबद्दल तक्रार करतां येणार नाहीं. धाकट्या बहिणीला हें पटलें, म्हणजे ती रुसवा सोडून पुन्हां फांसा हातीं घेईल.