नभोवाणीचा धनी कोण?

नभोवाणी कोणाच्या पैशावर चालते, यावरून ती कोणासाठी बोलते हे ठरते. बीड जिल्ह्यातील उमापूर १९४८ पर्यंत निजामी मुलखात होते. तेथील ‘डेक्कन रेडिओ’ दरबारचा होता. १ एप्रिल १९५० रोजी तो भारत सरकारच्या ताब्यात गेला. धनी बदलला, श्रोता तोच राहिला.

ब्रिटनमध्ये मात्र १९२२ पासून श्रोता परवान्याचे दहा शिलिंग भरीत असे. १९४६ साली दूरचित्रवाणीसह परवाना दोन पौंडांचा झाला. १९५५ साली जाहिरातींवर चालणारी वाहिनी आली. बी.बी.सी.ची सनद २०२७ अखेर संपत असल्याने परवाना ठेवावा की नाही, हा तेथे वाद आहे.

टपाल कचेरीतील आपले परवाने १९८० नंतरच्या दशकात रद्द झाले. चार पैसे वाचले खरे. परंतु वर्गणीदाराला जाब तरी विचारता येतो. फुकट ऐकणाऱ्या उमापूरकराने तो कोणास विचारावा?