बिंदग्यामागची बाई

येळवस जवळ आली की आपण देवणीत बिंदगा घ्यायला निघतो. टिचकी मारून बघतो, खणखणीत वाजला की घासाघीस सुरू. घरी आणून चुना-कावेचे पट्टे ओढतो, आंबील भरतो, डोक्यावर घेऊन शेतात नेतो. स्टीलच्या कळशीतल्या आंबिलीला ती चव नाही, हे आपणच सांगतो.

चाक कुंभारदादा फिरवतात. पण माती चाळायला, राख कालवायला, मडकी वाळवायला, आवा रचायला, बाजारात उन्हात बसायला कुंभारीण असतेच. तिची मजुरी किमतीत कोण धरतं?

तिकडे आफ्रिकेतल्या नायजेरियात बऱ्याच भागांत पाण्याचे रांजण बायकाच घडवतात. चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या. त्यांतल्या लाडी क्वाली या बाई रांजणावर सरडे, विंचू, मासे कोरत. त्यांचं चित्र तिथल्या 20 नायराच्या नोटेवर आहे. नोटेवर, बायांनो!

आम्ही गटात यंदा ठरवलंय: सगळ्यांचे बिंदगे एकदम सांगायचे, घासाघीस करायची नाही, पैसे आधी द्यायचे, आणि तेही कुंभारणीच्याच हातात.