भीतीसकट पुढे



नागपूरच्या सीताबर्डीत धैर्याची गोष्ट निघाली की बोट आपोआप किल्ल्याच्या टेकडीकडे जातं. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवसांत भोसल्यांची फौज आणि इंग्रजांच्या पलटणी इथे लढल्या आणि नागपूरचं पुढचं नशीब या टेकड्यांवर ठरलं. त्या लढाईत पडलेल्या दोन्हीकडच्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण आज मला बोलायचं आहे ते घराच्या उंबरठ्याच्या आत लागणाऱ्या धैर्याबद्दल. आपली माणसं दुरावतील, जात तोंड फिरवील, दुसऱ्याच्या हातचं पाणी घशाखाली उतरणार नाही, असल्या भीतीपुढे भलेभले हात टेकतात.

कवी नारायण वामन टिळक १८९१च्या सुमारास नागपूरला आले. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम करायचं, ‘ऋषि’ नावाचं मासिक चालवायचं, व्याख्यानं द्यायची, असा त्यांचा इथला क्रम होता. सभा जिंकणारा, शीघ्रकवी, तापट असा हा माणूस. १८९३ मध्ये ते राजनांदगावला निघाले असताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं. आधी कवितेवर, मग धर्मावर. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. तरी वाचीन असा दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन ते थांबले. पुस्तक खाली ठेववेना.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. तिच्या पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. मन वळलं होतं, पण पाऊल उचलत नव्हतं. टिळकांनी ख्रिस्ती लोकांशी पत्रव्यवहार सुरू केला, तो स्वतःचं नाव लपवून. ज्याने भर सभेत कुणाची भीड बाळगली नाही, तो पत्राखाली सही करायला कचरत होता. का? कारण समोर पत्नी लक्ष्मीबाई होत्या, लहानगा मुलगा दत्तू होता, आणि हे दोघं आपल्याला कायमचे पारखे होतील हे टिळकांना स्वच्छ दिसत होतं. त्या भीतीला मी भ्याडपणा म्हणणार नाही. ती प्रेमापोटीच आली होती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हाही ती भीती सरलेली नव्हती. आणि ती खरीही ठरली. पुढची काही वर्षं पती-पत्नी वेगळे राहिले.

आता लक्ष्मीबाईंकडे येतो. माझ्या दृष्टीने या घरातलं मोठं धैर्य त्यांचं. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र ज्यांनी वाचलं आहे त्यांना त्यांच्या माहेरचं सोवळं आठवत असेल. १८५७च्या धामधुमीत जवळच्या नात्यातल्या माणसाला फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांचं मन हललं आणि घरात सोवळ्याचा असा कहर सुरू झाला की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. विटाळाची ही धास्ती लक्ष्मीबाईंच्या अंगात लहानपणापासून मुरली होती. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली तेव्हा त्यांच्या दुःखाला पारावार राहिला नाही. पुढे मुलाला घेऊन त्या नगरकडे आल्या, तरी त्यांचं सोवळं सोबत होतंच.

मग राहुरीला एक रात्र आली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्या विचार करत राहिल्या, की ही जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर गाय आणि घोडा यांच्यात दिसतो तसा फरक माणसामाणसांतही दिसला असता. विचार करता करता मनाचा निश्चय झाला, की आता कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. कुणी दटावलं नाही, कुणी आमिष दाखवलं नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्यामागे फरफटत जाऊन नव्हे, स्वतःच्या विचाराने. पुढे नगरला प्लेग आला तेव्हा मिशनच्या शाळेतल्या मुलींची शुश्रूषा करायला याच लक्ष्मीबाई पुढे झाल्या. शिवाशिवीच्या धास्तीत वाढलेली बाई प्लेगच्या रोग्याच्या उशाशी बसली. किल्ल्यावरच्या कोणत्याही शिपायाशेजारी मी तिला उभी करीन.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत पुष्कळजण मला विचारतात, विश्वास असेल तर भीती वाटायला नको ना? वाटली म्हणजे विश्वास कमी पडला का? या प्रश्नाने माणसं स्वतःला फार छळतात. ऑपरेशनच्या आदल्या रात्री, मुलाच्या निकालाच्या सकाळी, घरातलं कमावतं माणूस गेल्यावर. त्यांना मी गेथशेमाने बागेची आठवण करून देतो. क्रुसाच्या आदल्या रात्री प्रभू येशू तिथे व्याकूळ झाला. हा प्याला टळावा अशी प्रार्थना त्याने केली आणि शिष्यांनी जागं राहावं, सोबत करावी, असं त्यांना सांगितलं. देवाच्या पुत्राला सोबत हवीशी वाटली, तर आपण ती मागायला का लाजावं? स्तोत्रसंहितेतलं ५६वं स्तोत्र दावीद पलिष्ट्यांच्या तावडीत गथ येथे सापडला त्या वेळचं आहे. गल्याथाला पाडणारा हा वीर त्यात आपली भीती देवापासून झाकत नाही. भीतीची कबुली आणि देवावरचा भरवसा तिथे एकाच श्वासात येतात. ख्रिस्ती प्रार्थनेत मला आधार वाटतो तो याचा. देवासमोर शूर असल्याचा आव आणावा लागत नाही.

आणि विश्वास ठेवला की संकट टळतं, असंही मी सांगणार नाही. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. त्यांनी शाळा काढली, गोंडांची कथा-गीतं टिपून ठेवली, इथल्या दगडांतले जीवाश्म जमवले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. देवाने त्यांना का वाचवलं नाही, याचं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि जो ते चटकन देतो त्याच्यावर मी विसंबणार नाही. त्यांच्या मागे शाळा मात्र बंद पडली नाही. १८८३ साली उभ्या राहिलेल्या कॉलेजला त्यांचंच नाव आहे. १८९०च्या दशकात स्कॉटिश मिशनच्या डॉ. ॲग्नेस हेंडरसन यांच्या कामातून बायकांसाठी इस्पितळ उभं राहिलं, तेच आपल्या सीताबर्डीतलं म्युर मेमोरियल. दवाखान्याची पायरी चढायला घाबरणाऱ्या त्या काळच्या बायकांना धीर दिला तो दुसऱ्या बायकांनी, उशाशी बसून. भरवसा माणसाला मिळतो तो बहुतेक वेळा असा, कुणाच्या तरी हातून.

टिळकांचं अपुरं कामही असंच दुसऱ्या हातून पुढे गेलं. टिळक १९१९ मध्ये गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य सुरुवातीच्या दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. शाळेचं शिक्षण न झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं आणि ६४ अध्याय रचले. १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं. ग्रंथ १९३८ साली छापून आला.