सीडी एकदाच उतरवा, पण पुरती उतरवा

कल्याण–नगर रस्त्यावरचं पिंपरी पेंढार, त्याच्या अलीकडे ओतूर, पलीकडे आळेफाटा आणि थोडं दक्षिणेला तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जाणारं नारायणगाव. या पट्ट्यातल्या घरांत कॅसेट मागे पडली तेव्हा सीडी आली. आता सीडीचीही वेळ भरत आली आहे. नव्या लॅपटॉपला सीडीचा खण नसतो आणि बिघडलेला प्लेअर दुरुस्त करणारा सहज सापडत नाही. म्हणून पुष्कळ जण घरच्या सीड्या संगणकावर उतरवून घेतात. ते योग्यच आहे. माझं म्हणणं एवढंच की, उतरवताना आवाजात काटछाट करू नये. मोठ्या प्रतीपासून लहान प्रत केव्हाही करता येते. लहान प्रतीपासून मोठी मात्र कधीच मिळत नाही.

सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांची ध्वनी-सीडी 1982 साली बाजारात आली. तिच्यावर आवाजाचं मोजमाप दर सेकंदाला 44,100 वेळा, 16 बिटांच्या अचूकतेनं आणि डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांत नोंदवलेलं असतं. म्हणजे सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट माहिती. आपण सर्रास वापरतो त्या 128 किलोबिटच्या एमपीथ्रीमध्ये त्यातला जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. कानाला जे जाणवणार नाही असं गणित सांगतं, ते त्यात टाकून दिलेलं असतं. 2001 साली आलेली फ्लॅक ही पद्धत तसं करत नाही. नऊवारीची घडी घातली की जागा कमी लागते, पण उलगडल्यावर लुगडं वारभरही कमी भरत नाही. फ्लॅक ही तशी घडी आहे आणि एमपीथ्री ही कात्री. तासाभराची सीडी मुळात सुमारे 635 मेगाबाइट भरते, ती फ्लॅकमध्ये साधारण निम्म्या-पाऊण जागेत मावते. याउलट, सीडीवर आहे त्याहून वरच्या दर्जाचे आकडे निवडून काही साधत नाही. 24 बिट निवडलेत तर फाइल फुगेल, आवाजात नवं काही येणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, कानाला फरक कळत नाही, मग एवढा खटाटोप कशाला? चांगल्या, जास्त किलोबिटच्या एमपीथ्रीमधला फरक बहुतेकांना ओळखता येत नाही, हे मान्यच आहे. पण प्रश्न आजच्या ऐकण्याचा नाही. उद्या फाइलचा प्रकार बदलावा लागला, तर आधीच छाटलेल्या फाइलची पुन्हा छाटणी होते आणि तोटा साचत जातो. दुसरा आक्षेप असतो तो जुन्या लावण्या, भजनं, वग यांच्याबद्दल. मूळ ध्वनिमुद्रणच कॅसेटवरचं, खरखरीचं, मग दर्जा कसला जपायचा? खरं तर तिथेच जपणूक जास्त हवी. खरखर आणि आवाज यांत निवड करणं एमपीथ्रीच्या गणिताला जमत नाही. थोड्या किलोबिटांत दोन्ही कोंबताना ढोलकीची थाप आणि तुणतुण्याची तार बोथट होते. पुढे कुणाला खरखर काढायची झाली, तर त्याच्या हाती अख्खा आवाज असायला हवा.

तिसरा आक्षेप म्हणजे, सगळं आता इंटरनेटवर मिळतं. चित्रपटगीतांपुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण तमाशाचं तसं नाही. गण, गवळण आणि वग यांचा साचा ठरलेला असला, तरी बतावणी आणि सोंगाड्याचा हजरजबाबीपणा प्रत्येक रात्री वेगळा. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर 2002 साली गेल्या. अशा कलावंतांच्या पुढच्या रात्री आता होणार नाहीत, उरलं ते मुद्रित झालं तेवढंच. यात्रेतला फड, हरिनाम सप्ताहातलं कीर्तन, लग्नातली सनई कुणी सीडीवर भरून घेतली असेल, तर तिची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. शिवाय घरी भरलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरावर उमटवलेली असते. तो थर ऊन आणि उष्णतेनं खराब होतो. छापील सीडीपेक्षा हिची घाई मोठी.

उतरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संगणकाच्या माहितीच्या सीडीला चुका दुरुस्त करण्याचा एक जादा थर असतो, तो ध्वनी-सीडीला नसतो. ओरखड्यापाशी माहिती वाचता आली नाही, तर यंत्र अंदाजानं जागा भरून पुढे जातं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखी साधनं तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून पडताळतात. जगभरातल्या लोकांनी उतरवलेल्या प्रतींशी आपली प्रत ताडून पाहण्याचीही सोय आहे. पण आपल्या गावच्या सीडीची दुसरी प्रत तिथे कुठून असणार? म्हणून ती दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर वाचावी आणि दोन्ही निकाल जुळतात का ते पाहावं. ज्या सीडीवर आधीच एमपीथ्री भरलेली आहेत, तिच्यावरच्या फाइली जशाच्या तशा घ्याव्यात; त्यांचं फ्लॅक करून गेलेलं परत येत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर तीनशे सीड्या शंभर-सव्वाशे गिगाबाइटांत बसतात, आणि तेवढी जागा आज साध्या डिस्कवर असते. कायद्याचं म्हणाल, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 खासगी वापरासाठी रास्त मोकळीक देतं. प्रती वाटण्या-विकण्याची मुभा त्यात नाही. खरा खर्च आहे तो वेळेचा, आणि तो नावं लिहिण्यात जातो. फ्लॅकच्या फाइलीत देवनागरीत माहिती भरता येते. फड कुणाचा, ढोलकीवर कोण, गाव कोणतं, साल कोणतं, हे सांगणारी माणसं आहेत तोवर ते लिहून घ्यावं आणि वेष्टनाचा फोटोही सोबत ठेवावा. सुरुवात घरी भरलेल्या सीड्यांपासून करावी, मग स्थानिक कलावंतांच्या घ्याव्यात, सिनेमाच्या सगळ्यात शेवटी. आणि तयार झालेल्या संग्रहाची एक प्रत दुसऱ्या घरी, दुसऱ्या डिस्कवर ठेवावी.