लुई आणि मार्सियानो

1937 ते 1949 अशी बारा वर्षे मुष्टियुद्धातील हेवीवेट जगज्जेतेपद हाती ठेवून 25 वेळा त्याचे रक्षण करणारा जो लुई श्रेष्ठ, की 49 पैकी 49 लढती जिंकून 1956 साली अपराजित निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो, हा वाद केवळ दप्तरी आकड्यांनी निकालात निघेल असे मानणे भाबडेपणाचे होय. उभयतांची गाठ 1951 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पडली खरी, आणि आठव्या फेरीत लुई दोरांमधून बाहेर कोसळला. परंतु तो प्राप्तिकराच्या थकबाकीच्या तगाद्यापायी निवृत्ती मोडून उतरलेला 37 वर्षांचा, थकलेला लुई होता. (मार्सियानोचे बरेच नामांकित प्रतिस्पर्धी उतरत्या वयाचेच होते, हेही ध्यानी घ्यावे.) 1938 साली मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत लोळविणारा लुई मार्सियानोपुढे कधी उभाच राहिला नाही.