वैऱ्यावर प्रीति कशी करावी?

(एका सभेंतील व्याख्यान)



आजच्या विषयाचें नांव ऐकूनच कित्येकांना हसूं आलें असेल. ज्यानें आपला बांध कोरला, ज्यानें खोटा दस्त करून जमीन लाटली, त्याच्यावर प्रीति करा म्हणणारा एक तर भोळा असला पाहिजे, नाहीं तर त्या लबाडाचा मुनीम तरी असला पाहिजे! ही शंका आम्ही टाकाऊ मानीत नाहीं. मारणारानेंच मार खाणाराला क्षमेचा उपदेश करावा, हा तर दुसरा मार होय. म्हणून ख्रिस्ती धर्मांतील ही शिकवण मुळांत कोणीं, कोणाला आणि कोणत्या परिस्थितींत सांगितली, हें आधीं पाहूं.

सांगणारा येशू हा नासरेथ गांवचा सुतार. त्याच्याभोवतीं जमणारांत कोळी, शेतकरी, मजूर असे कष्टाचे लोक. मुलूख रोमच्या सत्तेखालीं. करांचा बोजा होताच. शिवाय रोमी शिपाई वाटेवरच्या कोणालाही वेठीस धरून त्याच्या डोक्यावर ओझें देत असे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायांत येशू सांगतो कीं, वेठीनें एक मैल नेणाराबरोबर आपण होऊन दोन मैल जावें. आणि लागलीच पुढें वैऱ्यावर प्रीति करण्याचा उपदेश येतो. पहिला मैल शिपायाच्या हुकमाचा, दुसरा आपल्या मर्जीचा. त्या दुसऱ्या मैलांत वेठ्या हा वेठ्या राहत नाहीं, तो माणूस होतो. देवाचा पाऊस भल्याच्या शेतावर पडतो तसा बुऱ्याच्याही पडतो, हें येशूनें त्याचें कारण दिलें.

मग अन्याय मुकाट्यानें सोसावा काय? येशूनें तसें केलें नाहीं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायांत, चौकशीच्या वेळीं एक शिपाई त्याच्या तोंडांत मारतो. येशू उलट हात उगारीत नाहीं, पण गप्पही बसत नाहीं. मीं वाईट बोललों असेन तर तें दाखीव, नाहीं तर मारलेंस कां, असा सरळ सवाल करतो. म्हणजे खोट्याला खोटें म्हणावयाचें, परंतु खोटें करणाराचें वाईट चिंतावयाचें नाहीं.

हें बोलावयास सोपें आहे. करून दाखविणाराची गोष्ट ऐका. हॉलंडवर स्पेनच्या राजाचा अंमल होता. आस्पेरेन गांवच्या डर्क विलेम्स याचा अपराध इतकाच कीं, त्यानें मोठेपणीं पुन्हा बाप्तिस्मा घेतला व आपल्या घरीं इतरांनाही घेऊं दिला. त्याला धरावयास शिपाई पाठीं लागला. पाणी गोठून वर बर्फाचा पातळ थर आला होता. डर्क त्यावरून पार झाला; शिपाई मात्र बर्फ फुटून बुडूं लागला. डर्क मागें फिरला व त्यानें त्याला ओढून काढलें. शिपाई त्याला सोडावयास तयार होता, पण नगराच्या अधिकाऱ्यानें त्याला शपथेची आठवण दिली. डर्क पकडला गेला, आणि १६ मे १५६९ रोजीं त्याला जिवंत जाळण्यांत आलें.

येथें प्रीति हरली काय? शिपायाचें मन पालटलें, कायदा पालटला नाहीं. म्हणून माणसाशीं प्रीति आणि अन्यायी कायद्याशीं झगडा, हीं दोन्ही कामें बरोबरच करावीं लागतात. एकानें दुसऱ्याची भरपाई होत नाहीं.

त्याच पंथपरंपरेंतले आमिश लोक अमेरिकेंत शेती व सुतारकाम करून राहतात. २ ऑक्टोबर २००६ रोजीं पेनसिल्व्हेनियांतील निकेल माइन्स येथें त्यांच्या शाळेंत एका माणसानें गोळ्या घालून पांच मुली मारल्या, पांच जखमी केल्या व स्वतःचाही जीव घेतला. तो परका नव्हता. आमिशांच्याच गोठ्यांवरून दूध नेणारा गाडीवान होता. त्याच दिवशीं कांहीं आमिश त्याच्या घरच्यांचें सांत्वन करावयास गेले. पुढें त्याच्या दफनालाही कित्येकजण उभे राहिले. ज्यांच्या लेकी गेल्या त्यांचें दुःख यानें हलकें झालें नाहीं. पण बापाचें पाप त्यांनीं त्याच्या पोरांच्या माथीं मारलें नाहीं, एवढें खरें.

बंधूंनो, आम्ही तुम्हांला हक्क सोडा असें सांगत नाहीं. जमीन तुमची असेल तर दावा लढवा, साक्षी उभे करा, भर पंचांत खोट्याला खोटें म्हणा. पण त्याच रात्रीं वैऱ्याच्या गंजीला आग लागली, तर पाण्याची घागर घेऊन पहिले तुम्ही धांवा. आणि त्याचें पोर तुमच्या दारीं आलें, तर त्याला भाकर द्या. दावा बापाशीं आहे, पोराच्या भुकेशीं नाहीं.